इथं गळतंय

मी घरीच केलेल्या आठ तारांच्या विजेच्या वाद्यात सगळ्यात जाड तारेच्या सातव्या पडद्यावर बोट आपटलं की सूर सरळ यायचाच नाही. तो डोलायचा. सेकंदाला एक हेलकावा, संथ, पाळण्यात घातल्यासारखा. आधी वाटलं तार खराब आहे. तार बदलली, डोलणं तसंच. मग वाटलं अॅम्प्लिफायर म्हातारा झाला. तो रिक्षात घालून सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात मित्राच्या घरी नेला, तर तिथे सूर शहाण्या मुलासारखा सरळ. परत घरी आणला, पुन्हा पाळणा.

कारण भिंतीपलीकडे होतं. आमचं घर पूर्व भागात, आणि घराच्या मागच्या भिंतीला चिकटून यंत्रमागाचा कारखाना. सोळा माग. त्यांच्या मोटारींना वीज नेणाऱ्या जाड केबली आमच्या भिंतीला समांतर जातात. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा दिशा बदलून परत जागेवर येते. माझ्या जाड तारेचा मोकळा सूर म्हणजे पाश्चात्त्य स्वरांतला अगदी खालचा सी. त्याच्या सातव्या पडद्यावर जी येतो, म्हणजे सेकंदाला 49 कंपनं. पन्नासातून एकोणपन्नास गेले, उरला एक. तो एक मला ऐकू येत होता. सोळा माग भिंतीतून वाद्यात येऊन माझ्याशी एका कंपनावरून भांडत होते.

हे मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी असल्याच एका कारखान्यात चौतीस वर्षं माग चालवले. त्यांना उजव्या कानाने जवळपास काही ऐकू येत नाही, डाव्याने मोठ्याने बोललेलं तेवढं येतं. ते म्हणाले, "माग चालू असताना पेटी वाजवायचीच कशाला?" आमच्या घरात कुठल्याही वाद्याला पेटीच म्हणतात. सल्ला तसा वाईट नव्हता, पण माग सकाळी आठला सुरू होतात आणि मी ऑफिसातून येतो तेव्हाही चालूच असतात.

ही 'पेटी' कुठून आली ते सांगायचं तर आधी बेंजोचं सांगायला हवं. कॉलेजात असताना मी गणपतीत आणि वरातीत बेंजो वाजवायचो. पुस्तकात बॅन्जो म्हणून कातडी ताणलेल्या गोल अमेरिकन वाद्याचं चित्र असतं. आपल्या बेंजो पार्टीतला बेंजो वेगळा. तो बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, मूळ जपानी तायशोगोतोच्या घराण्यातला. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. तारांखाली एक पिकअप, म्हणजे तारेच्या थरथरीची वीज करणारा तुकडा, बसवलेला असतो आणि त्याच्या जोरावर हे एवढंसं वाद्य ताशे, ढोल आणि जनरेटर यांच्या वरून गात जातं. मला त्यात एकच गोष्ट सलायची. दोन हात राबतात आणि दोघांत मिळून सूर एकच निघतो. उजवा हात नुसती हमाली करतो. त्याला डाव्याच्या शेजारी बसवून दुसरं काहीतरी बोलू द्यावं, असं मला वरातीत चालता चालता सारखं वाटायचं.

असं वाद्य कुणीतरी आधीच केलेलं आहे हे बऱ्याच उशिरा कळलं. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमेट चॅपमन या गिटारवादकाने गिटार जवळजवळ उभी धरली, दोन्ही हात दोन बाजूंनी पट्टीवर आणले आणि दोन्हींची बोटं पडद्यांना समांतर ठेवून तारांवर आपटली. छेडणं बंद. तार पडद्यावर आपटते तोच सुराचा जन्म. पुढे त्याने त्यासाठी वेगळं वाद्यच घडवलं आणि 1974 पासून ते विकायला सुरुवात केली: चॅपमन स्टिक. दहा तारा. पाच गाण्याच्या, एकमेकींपासून सा-म अंतरावर. पाच खर्जाच्या, सा-प अंतरावर. सगळ्यात जाड तार कडेला नसून पट्टीच्या मध्यभागी. टोनी लेव्हिन या बेसवादकाने ते किंग क्रिम्सन हा रॉक बँड आणि गायक पीटर गेब्रिएल यांच्याबरोबर मंचावर नेलं. मीही पहिल्यांदा त्याच्याच हातात पाहिलं, मोबाइलच्या पडद्यावर, आणि रात्री दोनपर्यंत झोपलो नाही.

विकत आणणं माझ्या पगारात बसत नव्हतं. मग आठ तारांचं स्वतःच करायचं ठरवलं. चार गाण्याच्या, चार खर्जाच्या.

त्या काळात वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि ती मला फार आवडली. दोन्ही हातांनी तारा ठोकून वाजवणं हे चॅपमनच्याही आधीचं आहे. 1940 च्या दशकात हॅरी डीआर्मंड नावाचा पिकअप बनवणारा माणूस आपला पिकअप किती तिखट कानाचा आहे हे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी गिटार दोन्ही हातांनी नुसती ठोकून वाजवून दाखवायचा. त्याचा मित्र जिमी वेबस्टर याने 1952 मध्ये त्या पद्धतीवर पुस्तक काढलं. म्हणजे आमच्या गड्ड्याच्या यात्रेत किसणी विकणारा गाजराची फुलं करून दाखवतो, तसलं हे प्रात्यक्षिक. लोकांनी किसणी बाजूला ठेवून फुलांचाच धंदा सुरू केला.

पण त्यात एक खरं कारण दडलेलं आहे. तार छेडताना आपण ती बाजूला ओढून सोडतो, तिच्यात भरपूर जोर भरलेला असतो. ठोकताना बोट तिला मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली नेऊन पडद्यावर टेकवतं, बस. जोर जेमतेम. शिवाय बोट उचललं की सूर संपला, म्हणून ते तिथेच टेकून ठेवायचं. युरोपात क्लॅव्हिकॉर्ड नावाचं जुनं वाद्य आहे, त्यात पट्टी दाबली की पितळेचा एक तुकडा तारेवर आपटतो आणि तिथेच टेकून राहतो, आणि तारेचं एक टोक तोच होतो. त्याचा आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत जात नाही. माझं वाद्य म्हणजे बोटांचं क्लॅव्हिकॉर्ड. पिकअप काढला तर ते जवळपास मुकं. त्यामुळे गिटारवाला पिकअप निवडतो तो चवीसाठी. मला तो निवडायचा होता वाद्याला आवाज असावा म्हणून.

आणखी एक अडचण असते, ती नवख्याच्या लक्षात येत नाही. बोटाच्या अलीकडे मेरूपर्यंत, म्हणजे खुंट्यांकडच्या तारा टेकायच्या पट्टीपर्यंत, तारेचा जो तुकडा उरतो, तोही थरथरतो आणि नको तो सूर मिसळतो. त्यासाठी मेरूपाशी तारांमध्ये काहीतरी मऊ घालून तो दाबावा लागतो. लोक फेल्ट वापरतात. मी टॉवेलची किनार कापून विणून घातली. सोलापुरात राहून टॉवेलसाठी दुसऱ्या गावाच्या तोंडाकडे कोण बघणार?

पहिला प्रयोग पिझोचा. गाणारं ग्रीटिंग कार्ड फाडलं की जी पातळ पितळी चकती निघते, तीच. घोडीखाली, म्हणजे तारा दुसऱ्या टोकाला जिच्यावर टेकतात तिच्याखाली, दोन चिकटवल्या. स्वस्त, सोपं, आणि मागांचा गूं अजिबात नाही, कारण त्यात वेटोळंच नसतं. पण पिझो लाकडाची हालचाल ऐकतो. वाजवायचं म्हणजे बोटं लाकडावर आपटायची, आणि स्पीकरमधून सुराआधी 'टक' यायचा. दर सुराला एक टक. दोन हातांनी वाजवलं की कुणीतरी शेजारी बसून सुपारी कातरतंय असं वाटायचं. पुतणीने विचारलं, "काका, यात तबला पण आहे का?" चकत्या त्याच दिवशी उपटल्या.

मग चुंबकी पिकअप. चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वेटोळ्यात वीज जन्मते. याला लाकडाशी देणंघेणं नाही, तारेशी आहे. बाजारात तयार मिळतात, पण सहा तारांच्या अंतराला किंवा चार तारांच्या बेस गिटारला. माझ्या आठ तारा 56 मिलिमीटरमध्ये बसवलेल्या. तयार पिकअपचे खुंट, म्हणजे एकेका तारेखाली येणारे चुंबकी खिळे, निम्म्या तारांच्या नेमके मधोमध येत होते. शिवाय मला गाण्याच्या तारांचा आवाज वेगळा आणि खर्जाचा वेगळा, दोन वायरींतून बाहेर काढायचा होता. स्टिकमध्येही तसंच असतं. एकाच अॅम्प्लिफायरमध्ये दोन्ही गेले तर खर्ज गाण्याला गिळतो. म्हणून ठरवलं की खुंटांऐवजी लोखंडी पट्टीचे पिकअप स्वतः गुंडाळायचे. पट्टी अखंड असते, तार कुठेही येवो.

अक्कलकोट रोडला एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मामा माझ्या ओळखीचे. पाण्याच्या मोटारी, मागाच्या मोटारी, पंखे, सगळं गुंडाळतात. मी सांगितलं, बेचाळीस नंबरची तार, आठ हजार फेरे. मामांनी आठ हजार ऐकून चष्मा काढला. "एवढ्या फेऱ्यांत काय चालवायलास बे, गिरणी?" मी म्हटलं, मामा, यातून वीज जाणार नाही, यातून वीज येणार. ते हसले, आणि यंत्राला मोजणी लावून बसले.

तीन हजारांच्या थोडं पुढे फिरकी भरली. गच्च. मामांनी मीटर लावला आणि म्हणाले, "नऊशे." मी सहा हजार ओहमची वाट बघत होतो.

चूक माझी. गिटारवाल्यांचा बेचाळीस नंबर हा अमेरिकन गेज, तार साधारण 0.063 मिलिमीटर जाड. मामांचा, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या रिवाइंडिंगवाल्यांचा, बेचाळीस नंबर हा ब्रिटिश एसडब्ल्यूजी गेज, तार 0.1 मिलिमीटर. नंबर तोच, तार दीडपटीहून जाड. मला हवी होती ती मामांच्या हिशोबात शेहेचाळीस नंबर. ती त्यांच्याकडे नव्हती आणि आणून दिली तरी त्यांच्या यंत्रावर तुटत होती. दिवसभरात अकरा वेळा तुटली. बाराव्या वेळी मामांनी यंत्राचं बटण बंद केलं आणि चहा सांगितला.

त्या चहावर मला जे सुचलं ते माझं डोकं नव्हे, ते फार आधीच लोकांनी केलेलं आहे. कमी फेऱ्यांचं वेटोळं वाईट नसतं. ते मवाळ बोलतं, पण त्याला वरचे बारीक सूर जास्त मोकळे ऐकू येतात, कारण जास्त फेऱ्यांचं वेटोळं स्वतःच त्या सुरांना अडवतं. ईएमजी कंपनीचे पिकअप याच तत्त्वावर चालतात: फेरे कमी, आणि आत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक. स्टिकवरही त्यांनी बनवलेल्या अशा पिकअपचा पर्याय मिळत आलेला आहे. ठोकण्याच्या वाद्याला हे मानवतं. ठोकलेल्या सुराची सगळी ओळख त्याच्या पहिल्या क्षणात असते, आणि तो क्षण बारीक सुरांचा बनलेला असतो. मग नऊशे ओहमची तीच फिरकी ठेवली आणि मागे टीएल 072 चिपचा एक साधा प्रवर्धक जोडला. माझ्या मते ठोकून वाजवणाऱ्याने गरम, जाड, ब्लूजछाप आवाजाच्या पिकअपमागे लागूच नये. त्यात दोन हातांचं बोलणं एकमेकांत कालवल्यासारखं होतं.

पण गूं तसाच. प्रवर्धकाने सूर वाढवला तसा मागांचा आवाजही वाढवला. मी आत अॅल्युमिनियमची फॉइल लावली, पोळ्या गुंडाळायची. तिने चरचर गेली, गूं हलला नाही. फॉइल विजेच्या क्षेत्राला अडवते. मोटारीचं आणि केबलचं चुंबकी क्षेत्र तिच्यातून सरळ आत येतं.

यावरचा इलाज गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने 1955 मध्ये पेटंटसाठी नोंदवला होता, हमबकर. दोन वेटोळी शेजारी शेजारी, फेरे उलट दिशांचे, चुंबकही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून बेरीज होतो. बाहेरून आलेला गूं मात्र दोन्हींत विरुद्ध येतो आणि एकमेकांना खाऊन टाकतो. अट एकच. दोन्ही वेटोळी जुळी हवीत. एकात फेरे जास्त झाले तर तेवढा गूं उरतो.

मामांच्या यंत्राची मोजणी चांगली, पण ताण सारखा राहत नव्हता. घरी आणून मी शिवणयंत्राच्या मोटारीवर गुंडाळायला बसलो. आईने थोडा वेळ बघितलं आणि मला उठवलं. लग्नानंतर सात-आठ वर्षं ती घरी रहाटावर कांड्या भरायची. बोटांच्या चिमटीतून धागा किती दाबून सोडायचा हे तिला विचारावं लागत नाही. "सूत चुकलं तर गाठ मारता येते," ती म्हणाली, "ह्याला गाठ नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने श्वास रोखल्यासारखा चेहरा केला. मी फेरे मोजत होतो, ती तार सोडत होती. तिने भरलेल्या चार फिरक्यांत सगळ्यात जास्त फरक सहा ओहमचा निघाला.

चुंबकांचीही एक फजिती झाली. जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक फुकट मिळाले म्हणून लावले. ते इतके जबर की तारांना खाली खेचायला लागले. ठोकायच्या वाद्यात तारा पडद्यांच्या अगदी जवळ ठेवलेल्या असतात, नाहीतर बोटं दुखून येतात. जाड तारा वरच्या पडद्यांवर किरकिरायला लागल्या आणि एकाच सुरातून दोन सूर ऐकू यायला लागले. ते काढून साध्या फेराइटच्या पट्ट्या लावल्या. चुंबक जेवढा जोरदार तेवढा पिकअप चांगला, असं मला बेंजोच्या दिवसांपासून वाटायचं. ते तिथेच संपलं.

शेवटी मेण. वेटोळ्यातला एखादा फेरा सैल राहिला तर तो धक्क्याने हलतो आणि पिकअप माइकसारखा वागायला लागतो. पुन्हा तोच 'टक'. म्हणून फिरकी मेणात बुडवायची: मेणबत्तीचं मेण चार भाग, मधमाशीचं एक भाग, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून 65 अंशांपर्यंत. बुडबुडे यायचे थांबले की काढायची. मे महिना होता. सोलापुरात मे महिन्यात मेण वितळवायला गॅस लावावा लागतो याचंच मला नवल वाटलं. ते भांडं आईने अजून परत घेतलेलं नाही.

दोन्ही पिकअप बसवून जाड तारेच्या सातव्या पडद्यावर बोट आपटलं. पलीकडे माग धडधडत होते. सूर सरळ आला. कान अगदी स्पीकरला लावला तर लांबून कुणीतरी घोरतंय इतपत गूं उरला होता. तेवढा राहू दिला.

आता दांडी. लाकडावरून गिटारवाल्यांत जेवढी भांडणं होतात तेवढी बांधावरून होत नसतील. एक पंथ म्हणतो, प्रत्येक लाकडाचा आवाज वेगळा. दुसरा म्हणतो, चुंबकी पिकअप फक्त तार ऐकतो, खाली लाकूड लावा नाहीतर शहाबादी फरशी. मला दोन्हींतलं अर्धं अर्धं पटतं. पिकअप तारच ऐकतो, हे खरं. पण तारेची दोन्ही टोकं लाकडाने धरलेली असतात, आणि लाकूड जेवढं हलेल तेवढा जोर तारेतून जातो. गिटारला निदान रुंद अंग असतं. इथे सगळं वाद्य म्हणजे एक लांब, अरुंद दांडी आणि तिच्यावर, माझ्या हिशोबाने, ऐंशी-नव्वद किलोचा ताण. म्हणून माझ्या यादीत ताठपणा पहिला, वजन दुसरं, रंगरूप सगळ्यात शेवटी.

याच काळात मिरजेला गेलो होतो. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तिथे तानपुरे करायला लागले आणि त्यांच्या पिढ्या अजून तेच करताहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे टांगलेले भोपळे आमच्याच जिल्ह्यातले, पंढरपूर भागात पिकलेले. एका कारागिराला मी माझं चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं. "भोपळा कुठंय?" नाही म्हटलं. "मग आवाज कुठं जातो?" कुठेच जाऊ द्यायचा नाही, म्हटलं. ते माझ्याकडे दयेने बघत राहिले. त्यांचं बरोबर होतं. त्यांची सगळी विद्या तारेतला जोर घोडीवरून तबलीत आणि भोपळ्यात कसा उतरवायचा याची. दांडीला तूण वापरतात, हलकं लाकूड. मला ते सगळं उलटं हवं होतं. तरी त्यांनी एक काम केलं. घोडीवरून तार नेमकी कुठे सुटते हे काजळ लावून बघायला शिकवलं. ते अजून उपयोगी पडतं.

चॅपमननेही लाकडावरच थांबायचं म्हटलं नव्हतं. सुरुवातीला आयर्नवुडसारखी जड लाकडं, 1980 च्या दशकात पॉलिकार्बोनेट, पुढे बांबूचे थर चिकटवून केलेली दांडी, ग्रॅफाइटही. बांबूचं वाचल्यावर मला साहजिकच संक्रांतीतले नंदीध्वज आठवले. सात उंच काठ्या 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात तेव्हा एकेक काठी पोटाशी धरून तोलणारा माणूस आणि वर टोकाला येणारा हलका झोल. त्या झोलानेच माझा बांबूचा विचार संपवला. थर दिलेला बांबू वेगळा असतो हे मला माहीत होतं, पण तो सोलापुरात मला हव्या त्या जाडीत मिळाला नाही, आणि मनात तो झोल बसला होता.

अॅल्युमिनियमही करून पाहिलं. ट्रॅव्हिस बीनने 1970 च्या दशकात अॅल्युमिनियमच्या मानेच्या गिटारी केल्या होत्या. मी खिडक्या करणाऱ्याकडून चौकोनी नळी आणली. ताठ होती, पण पोकळ, ठोकलं की घंटा. आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. सकाळी लावलेले सूर दुपारी पत्र्याखाली चढून बसायचे. नळी आता मोगऱ्याच्या वेलाला आधार देते.

उरलं लाकूड. बाळीवेशीजवळ एक जुना वाडा पाडत होते, तिथून सागाच्या तुळईचा तुकडा घेतला. शिसवाची फळी सुतारमित्राकडे होती. साग तेलकट, सरळ, सोलापूरच्या उन्हाला न घाबरणारा. शिसव जड, घट्ट, आणि बोटाच्या मागे वाजणारं. दोन्हींचे सारख्या मापाचे तुकडे दोऱ्याला टांगून मी टिचक्या मारत बसलो होतो. अण्णा आले. त्यांनी एक टोक बोटांत हलकं धरलं आणि मला ठोकायला सांगितलं. मग दुसरं.

"हे घेतंय," सागाला म्हणाले. शिसवाला म्हणाले, "हे परत देतंय."

कारखान्यात मागाचा आवाज ऐकू येत नाही, सगळ्यांचा मिळून एकच गोंगाट येतो. माग बिघडायला लागला की तो हाताला कळतो, असं ते नेहमी सांगायचे. मिनिटाला शंभरावर वेळा धोटा इकडून तिकडे जातो, त्यातला एक फटका जरी मऊ पडला तरी चौकटीवर ठेवलेल्या तळव्याला कळतं. मी ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून ऐकायचो.

आम्ही सागाच्या दोन्ही बाजूंना शिसव लावलं. चिकटवण्याआधी साग थिनरने पुसला, नाहीतर त्याच्या तेलामुळे इपॉक्सी धरत नाही. फळ्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत पडवीत ठेवल्या होत्या, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांनी बघितला. घाई केली असती तर पुढच्या एप्रिलमध्ये लाकूड आकसून पडद्यांची टोकं बाहेर आली असती आणि हात कापला असता. पडद्यांची पट्टी शिसवाचीच केली. तारा चढवल्या. सुंदर वाजलं, एक जागा सोडून.

खर्जाच्या तिसऱ्या तारेचा सहावा पडदा. सूर यायचा आणि लगेच विझायचा. शेजारचे पाचवा, सातवा ठणठणीत. मी पडदा तासला, पिकअप खालीवर केला, तार बदलली. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी अण्णांनी नुसतं बघून बघून कंटाळून दांडीखाली तळवा धरला. "वाजव." मी एकेक पडदा चढत गेलो. सहाव्यावर त्यांनी हात दाबला.

"इथं गळतंय."

त्यांना सूर ऐकू येत नव्हता. दांडी हललेली कळत होती. नंतर वाचलं तेव्हा फ्लायशर आणि झ्विकर या जर्मन संशोधकांनी 1990 च्या दशकात हेच मोजलेलं सापडलं. इलेक्ट्रिक गिटारच्या मानेचं स्वतःचं एक कंपन असतं. एखाद्या पडद्याचा सूर त्याच्याशी जुळला की मान तारेतला जोर ओढून घेते आणि तो सूर लवकर मरतो. त्यांनी त्यासाठी यंत्रं लावली होती.

मग मागून दोन खाचा पाडून दहा मिलिमीटरच्या लोखंडी सळ्या इपॉक्सीत बसवल्या. वाद्याचं वजन चार किलोच्या आसपास गेलं. सुतारमित्र म्हणाला, "ह्याला पेटी नको म्हणू बे, ह्याला पहार म्हण." सहावा पडदा सुधारला. पूर्ण नाही.

गेल्या महिन्यात कुठेतरी वाचलं की टोकाला वजन लावलं तर मानेचं कंपन बदलतं. शनिवारी दुपारी मी खुंट्यांपाशी लोखंडी शिकंजा आवळला आणि अण्णांना बोलावलं. ते खुर्ची ओढून बसले, तळवा दांडीखाली, डोळे मिटलेले. मी पहिल्या पडद्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यावर वीज गेली. स्पीकर बंद, पलीकडचे माग एकेक करून थांबले, आणि माझ्या हातातली वस्तू एकदम मुकी झाली. मी थांबलो.

"थांबलास का?" अण्णा म्हणाले. पंखा बंद पडलेला त्यांना कळलाच असेल. "वाजव की."

मी वाजवत गेलो. मला माझ्या बोटांची टकटक तेवढी ऐकू येत होती. चौथा, पाचवा, सहावा. सहाव्यावर त्यांचा हात हलला नाही. सातवा, आठवा. नवव्यावर त्यांनी डोळे उघडले आणि दांडी घट्ट धरली.

"तिथनं गेलं," ते म्हणाले. "इथं आलंय."